थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्सचा पहिला अल्बम : एक बुधला, एक घुमारा आणि एकोणीस वर्षांचा गळा

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

१९६६ च्या ऑक्टोबरात ह्यूस्टनच्या इंटरनॅशनल आर्टिस्ट्स या लहानशा कंपनीने 'द सायकेडेलिक साउंड्स ऑफ द थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्स' हा अल्बम बाजारात आणला. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या पाच जणांचा हा पहिलाच अल्बम. त्यात अकरा गाणी आहेत आणि आवरणावर जॉन क्लीव्हलंडने काढलेल्या लाल-हिरव्या लाटांच्या मधोमध, पिरॅमिडमधून रोखून पाहणारा एक डोळा आहे. हौशी तरुण बँडांचा कच्चा, जोरकस गराज रॉक आणि मनाची अवस्था बदलल्याचा भास देणारे सायकेडेलिक संगीत यांचा सांधा ज्या मोजक्या ठिकाणी जुळला त्यांपैकी हे एक, असे या अल्बमविषयी बहुतेक सगळीकडे लिहिलेले असते. तो सांधा नेमक्या कोणत्या आवाजांनी जुळला हे मात्र क्वचितच सांगितले जाते, आणि मला गेली अनेक वर्षे त्याचेच कुतूहल आहे.

माझे म्हणणे आधीच मांडतो. त्याच वर्षी लंडनमध्ये बीटल्स आपल्या स्टुडिओत ध्वनिफितींची वेटोळी फिरवत होते, फिती उलट्या वाजवत होते आणि अनुभवी तंत्रज्ञांच्या मदतीने प्रत्यक्ष मंचावर वाजवता येणार नाही असे संगीत घडवत होते. एलेव्हेटर्सच्या हाताशी तसला स्टुडिओ नव्हता, तेवढा वेळही नव्हता. त्यांच्या अल्बममध्ये जे जे विलक्षण ऐकू येते ते बहुतांशी माणसांच्या हातांतून आणि तोंडांतून आलेले आहे, आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या नृत्यगृहात ते पुन्हा वाजवता येण्याजोगे होते. मनाची अवस्था बदलण्याचा एवढा मोठा दावा करणारा हा अल्बम इतक्या साध्या साधनांवर उभा आहे, ही गोष्ट मला त्यातल्या सगळ्या तत्त्वज्ञानापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

ही मंडळी एकत्र आली १९६५ च्या डिसेंबरमध्ये. गिटारवादक स्टेसी सदरलँड, ड्रम वाजवणारा जॉन आयक वॉल्टन आणि बास वाजवणारा बेनी थर्मन हे तिघे आधी लिंग्समेन नावाच्या बँडमध्ये होते. रॉकी एरिक्सन स्पेड्स नावाच्या दुसऱ्या बँडमध्ये गात असे, आणि 'यू आर गॉना मिस मी' हे त्याचे स्वतःचे गाणे त्या बँडने १९६५ मध्येच ध्वनिमुद्रित केले होते. या दोन तुकड्यांना जोडणारा माणूस म्हणजे टॉमी हॉल. तो टेक्सास विद्यापीठात शिकलेला, तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र यांत बुडालेला होता. गिटार किंवा पियानो यांपैकी काहीच न वाजवणारा हा माणूस बँडमध्ये आला तो हातात एक बुधला घेऊन. (मूळ शब्द 'जग' असा आहे, परंतु मराठीत तो विश्व या अर्थाने वाचला जाईल, म्हणून मी सगळीकडे बुधलाच म्हणणार आहे.) नावाची कथाही ऐकण्यासारखी आहे. 'एलेव्हेटर्स' हे वॉल्टनने सुचवले आणि 'तेरावा मजला' ही भर हॉलची पत्नी क्लेमेंटाइन हिने घातली. अमेरिकेतल्या कित्येक उंच इमारतींत तेरावा मजला मोजलाच जात नाही, आणि इंग्रजी वर्णमालेतले तेरावे अक्षर 'एम' हे मारिहुआना या गांजाच्या नावाचे आद्याक्षर आहे.

आता त्या बुधल्याविषयी सविस्तर लिहितो, कारण अल्बम पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण तिथेच अडखळतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जुन्या लोकसंगीतात बुधल्याच्या तोंडावर ओठ फुरफुरवून बासची जागा भरून काढण्याची पद्धत होती. हॉलने ते उलटे केले. तो बुधल्याच्या तोंडाजवळ मायक्रोफोन धरून आत आपल्या आवाजाने वेगवान स्वरावली म्हणत असे, आणि बुधल्याचे पोट त्या आवाजाला घुमवून बाहेर टाकत असे. त्यामुळे जो ध्वनी निर्माण होतो तो खर्जात राहण्याऐवजी वर चढून लपलप करत गाण्याभोवती फिरत राहतो. 'यू आर गॉना मिस मी' ऐकताना एखादे पाखरू खोलीत अडकले आहे आणि सतत भिंतीवर पंख आपटत आहे असा भास होतो. हा आवाज ठेक्याशी जोडलेला असतो, तरीही ठेक्यात बसत नाही. गिटार, बास आणि ड्रम सरळ रॉक अँड रोल वाजवत असतात आणि त्यांच्या डोक्यावर ही अस्वस्थ थरथर चालू असते. ऐकणाऱ्याच्या पायाला ठेका कळतो, कानाला मात्र स्वस्थता मिळत नाही. सायकेडेलिक या शब्दाने जे अपेक्षित आहे त्याचा अर्धा भाग या एका युक्तीने साधलेला आहे, असे माझे मत आहे.

उरलेल्या अर्ध्या भागात सदरलँडच्या गिटारचा वाटा मोठा आहे. त्याने घुमाऱ्याचा, म्हणजे स्वर रेंगाळत ठेवणाऱ्या रिव्हर्बचा, वापर सजावटीपुरता ठेवला नाही. 'रोलर कोस्टर' हे पाच मिनिटांचे गाणे त्याच्या एका काळोख्या, वळणदार सुरावटीने सुरू होते आणि मध्येच लय वेग घेते. तिथे गिटारचा प्रत्येक स्वर मागच्या स्वराच्या सावलीवर पाय देत पुढे जातो. 'रिव्हर्बरेशन' या गाण्याचे नावच घुमारा असे आहे, आणि त्यात मनातल्या शंकेचे पडसाद हा विषय आणि गिटारचे पडसाद ही वादनशैली एकमेकांत इतकी मिसळून गेली आहेत की शब्द कळले नाहीत तरी विषय कळतो.

आणि मग रॉकी एरिक्सन. तो जुलै १९४७ चा. म्हणजे अल्बम आला तेव्हा एकोणीस वर्षांचा. केस कापायला नकार दिल्यावरून शाळा सुटली होती. लिटल रिचर्ड आणि जेम्स ब्राउन यांच्यावर त्याचे प्रेम होते आणि ते त्याच्या किंकाळीत स्वच्छ ऐकू येते. पण त्याच गळ्याने तो 'स्प्लॅश वन' हे संथ, हळवे गाणेही म्हणतो. हे गाणे त्याने क्लेमेंटाइन हॉलसोबत लिहिले आहे. नुकत्याच भेटलेल्या माणसाचा चेहरा फार पूर्वीपासून ओळखीचा वाटावा, एवढीच त्याची कल्पना आहे. या गाण्यात किंकाळी नाही, मोठेपणाचा आव नाही. अल्बममधले माझे सर्वात आवडते गाणे हेच आहे, आणि एलेव्हेटर्सविषयी बोलताना त्याचा उल्लेख इतका कमी का होतो हे मला कधीच उमगलेले नाही.

शेवटी आवरणाच्या पाठीवरचा मजकूर. तो हॉलने लिहिला. ॲरिस्टॉटलपासून माणसाने आपले ज्ञान वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या कप्प्यांत रचले आणि त्यामुळे त्याची विचारपद्धती विस्कळीत झाली, अशी त्याची सुरुवात आहे. पुढे, मनाची अवस्था रासायनिक मार्गाने बदलून विचारांची फेरमांडणी करता येते, असे तो म्हणतो आणि एकेका गाण्याचा अर्थ या शोधाच्या टप्प्यांनुसार सांगतो. नृत्यगृहात वाजवणाऱ्या बँडच्या पहिल्या अल्बमवर असा मजकूर येणे ही त्या काळी अनोखी गोष्ट होती. त्यातल्या औषधाशी मी सहमत नाही. परंतु लोकप्रिय संगीताचा अल्बम म्हणजे एक सलग विचार असू शकतो, ही श्रद्धा त्या मजकुरात आहे आणि ती मला मोलाची वाटते.

आपण हा अल्बम ऐकला असल्यास कोणत्या प्रतीवर ऐकला, बुधल्याविषयी काय वाटले, आणि ही गाणी केवळ गाणी म्हणून टिकतात असे वाटते का, हे जाणून घेण्याची इच्छा आहे.

उलटी फीत

लेख आवडला. बुधल्याविषयी मात्र माझा अनुभव वेगळा आहे आणि तो नोंदवणे मला आवश्यक वाटते. पहिल्या दोन-तीन गाण्यांत तो आवाज चकित करतो हे खरे, परंतु पस्तीसेक मिनिटांच्या अल्बममध्ये तो जवळजवळ सर्वत्र आहे, आणि गाणे कोणत्याही भावाचे असले तरी त्याची थरथर फारशी बदलत नाही. 'डोन्ट फॉल डाउन'सारख्या सुरेल गाण्यात आवाजांची जुळणी इतकी सुंदर आहे की तिथे मला मोकळी जागा हवी होती. सदरलँडच्या गिटारला घुमारा आहे तसाच विरामही आहे. तो कुठे थांबायचे हे जाणतो. हॉल थांबत नाही. आपण ज्याला अस्वस्थता म्हणता ती मला काही ठिकाणी अडथळा वाटते.

मंद्रसप्तक

आपला आक्षेप मला मान्य आहे, विशेषतः 'डोन्ट फॉल डाउन'बाबत. तरीही एक विचार मांडतो. तानपुरा गाण्याचा भाव पाहून बदलत नाही, तो गाण्याला आपल्यात घेतो. हॉलचा बुधला सुरात तानपुऱ्यासारखा नाही, किंबहुना त्याच्या अगदी विरुद्ध, सदैव हलणारा आहे. पण त्याची जागा मला तीच वाटते. तो प्रत्येक गाण्यावर टिप्पणी करत नाही. सगळी गाणी एकाच हवेत घडत आहेत हे तो सांगत राहतो.

ठेकेदार ताल

थोडे ठेक्याविषयी लिहितो, कारण अशा चर्चांत ड्रम आणि बास यांचा विसर पडतो. जॉन आयक वॉल्टन हा या अल्बमचा कणा आहे. गिटार घुमत असताना, बुधला भिरभिरत असताना आणि गायक शब्द सोडून किंकाळीकडे वळत असताना कोणीतरी जमिनीवर असणे आवश्यक होते, आणि तो वॉल्टन होता. ही केवळ उपमा नाही. एलएसडी हे भ्रम निर्माण करणारे द्रव्य घेऊनच वाजवावे असा हॉलचा आग्रह असे, वॉल्टनला मात्र त्या अनुभवाची धास्ती बसली होती आणि तो त्यापासून दूर राहिला. यावरून त्यांच्यात खटके उडत. १९६७ मध्ये तो आणि थर्मनच्या जागी आलेला बासवादक रॉनी लेदरमन दोघेही बाहेर पडले, आणि दुसऱ्या अल्बमवर बहुतेक ठिकाणी ड्रम व बास वाजवणारे नवे आहेत.

बासविषयी एक बारीक दुरुस्तीवजा भर. 'यू आर गॉना मिस मी'चे ध्वनिमुद्रण १९६६ च्या आरंभीचे आहे आणि त्यात बास थर्मनचा आहे. बाकीच्या गाण्यांत लेदरमन आहे, आणि त्यांचे मुद्रण पुढे डॅलसच्या सुमेट स्टुडिओत झाले. म्हणून पहिले गाणे आणि उरलेली दहा यांच्या आवाजाच्या पोतात जो फरक जाणवतो तो निव्वळ भास नाही.

सप्तर्षी

मी हा अल्बम दोनदा विकत घेतला आणि दोन वेगळे अल्बम ऐकले असे मला वाटते. पहिली प्रत एका पुनर्मुद्रण करणाऱ्या कंपनीची सीडी होती, स्टीरिओ मिश्रणाची. त्यात वाद्ये दोन्ही बाजूंना फेकल्यासारखी वाटत, आवाज पातळ होता, आणि एवढे कौतुक कशाचे होते हे मला समजेना. ती मी वर्षानुवर्षे बाजूला ठेवून दिली. नंतर मोनो मिश्रण, म्हणजे सगळी वाद्ये एकाच ध्वनिमार्गात असलेले, ऐकले आणि सगळे एकदम जागेवर आले. मोनोमध्ये गिटार, बुधला आणि गळा एकाच छिद्रातून बाहेर येण्यासाठी धडपडतात, त्यांची झटापट ऐकू येते, आणि मंद्रसप्तक यांनी वर्णन केलेली अस्वस्थता मला तिथेच सापडली. स्टीरिओमध्ये तीच वाद्ये एकमेकांना वाट करून देतात आणि त्यामुळे गाण्यातला दाब नाहीसा होतो. उलटी फीत, आपण कोणती प्रत ऐकली हे कळले तर बरे होईल, कारण बुधला खटकण्याचे कारण कदाचित तेही असू शकेल.

उलटी फीत

माझी प्रत स्टीरिओच होती. आपला प्रतिसाद वाचून काल रात्री मोनो मिश्रण मिळवून दोनदा ऐकले. 'रिव्हर्बरेशन' आणि 'फायर इंजिन' यांबाबत आपण म्हणता ते पूर्ण पटले. बुधला तिथे गिटारच्या अंगावरच्या काट्यासारखा झाला आहे, वेगळा काढताच येत नाही. 'डोन्ट फॉल डाउन'बाबतचे माझे मत मात्र कायम आहे.

पानाआडचा

'सायकेडेलिक' या शब्दाविषयी थोडे, कारण हा अल्बम या प्रकारातला पहिला होता का असा प्रश्न नेहमी निघतो. शब्द घडवला मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी, १९५६ मध्ये, ऑल्डस हक्सली यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात. तो संगीताच्या आवरणावर येण्यास दहा वर्षे लागली. १९६६ च्या शरदात तर हा शब्द शीर्षकात असलेले तीन अल्बम थोड्या थोड्या अंतराने आले: एलेव्हेटर्सचा, द डीप या गटाचा आणि ब्लूज मगूज यांचा. त्यांतला पहिला कोणता यावर मला वेळ घालवावासा वाटत नाही, कारण दुकानात कोण काही दिवस आधी पोहोचले यावरून संगीताविषयी काहीच समजत नाही. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की एलेव्हेटर्सच्या बाबतीत हा शब्द विक्रीसाठी शेवटी चिकटवलेला नव्हता. १९६६ च्या फेब्रुवारीत, म्हणजे बँड जेमतेम दोन महिन्यांचा असताना, ऑस्टिनच्या दैनिकात त्यांच्याविषयी जो मजकूर छापून आला त्याच्या मथळ्यातच 'सायकेडेलिक रॉक' हे शब्द होते.

भूगोलही लक्षात घ्यावा. उन्हाळ्याच्या अखेरीस ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि ॲव्हलॉन बॉलरूम व फिलमोर या तिथल्या सभागृहांत वाजवू लागले. तिथली बरीचशी मंडळी लोकगीतांकडून हळूहळू विजेच्या गिटारकडे येत होती. टेक्सासहून आलेल्या या पाच जणांनी मात्र आधीपासूनच नृत्यगृहातल्या गर्दीसमोर, नाचणाऱ्यांना थांबू न देण्याच्या सवयीने वाजवले होते. या अल्बमचा नेट तिथला आहे.

मृद्गंध

मला एका नावाचा उल्लेख राहिल्यासारखा वाटला, तो पॉवेल सेंट जॉन यांचा. ते बँडमध्ये कधीच नव्हते. ऑस्टिनमध्ये ते पुढे प्रसिद्ध झालेल्या गायिका जॅनिस जॉप्लिनसोबत वॉलर क्रीक बॉइज या त्रयीत लोकगीते म्हणत असत. या अल्बममधली 'यू डोन्ट नो', 'किंगडम ऑफ हेवन' आणि 'मंकी आयलंड' ही तीन गाणी त्यांची आहेत. ही गाणी ओळखू येतात. हॉलने शब्द लिहिले की त्यात एक शिकवण असते. 'रोलर कोस्टर' हे माझ्या दृष्टीने व्यासपीठावरून दिलेले प्रवचन आहे, उत्तम वाजवलेले, पण प्रवचनच. सेंट जॉन यांच्या गाण्यांत एकटेपणा आहे. 'मंकी आयलंड' हे माकडांच्या बेटावर माकड असल्याचे सोंग करून राहणाऱ्या माणसाचे गाणे आहे. एरिक्सन त्यात खरोखर माकडासारखा चीत्कारतो आणि पहिल्यांदा हसू येते, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी ऐकताना ते हसू उरत नाही. ऑस्टिनमध्ये तेव्हा लांब केस ठेवून रस्त्यावर चालणाऱ्या तरुणाला काय वाटत असेल हे मला हॉलच्या पाठपृष्ठावरच्या मजकुरापेक्षा या गाण्यातून जास्त कळले.

'किंगडम ऑफ हेवन'मध्ये तर वेग जवळजवळ नाहीच. स्वर्गाचे राज्य तुमच्याच आत आहे हे बायबलमधले वचन इतक्या काळोख्या, संथ चालीत बांधण्याचे धैर्य मला फार मोठे वाटते. आनंदाची बातमी भीतीच्या सुरात सांगितली आहे.

मंद्रसप्तक

मृद्गंध, आभार. सेंट जॉन यांचा उल्लेख माझ्याकडून सुटायला नको होता. आपल्या प्रतिसादावरून गाण्यांच्या क्रमाचा मुद्दा आठवला. आवरणाच्या पाठीवर हॉलने गाण्यांचे अर्थ ज्या क्रमाने सांगितले आहेत तो क्रम तबकडीवरच्या क्रमाशी जुळत नाही. मजकूर 'यू डोन्ट नो'पासून सुरू होतो आणि 'किंगडम ऑफ हेवन'पाशी संपतो. कंपनीने गाजलेले गाणे, म्हणजे 'यू आर गॉना मिस मी', सर्वात पुढे आणले. त्यात व्यवहार होता. ते गाणे बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ५५ व्या क्रमांकापर्यंत चढले होते आणि बँडला मिळालेले तेवढेच मोठे यश होते. पण मजकुरातला क्रम लावून ऐकले की अल्बमचा अर्थ बदलतो. सुरुवातीला जुन्या विचाराचा माणूस आणि नव्या विचाराचा माणूस यांच्यातले अंतर, मग शोध, शंका, भेट, तोल सांभाळणे, आणि शेवटी ती संथ, काळोखी शांतता. 'यू आर गॉना मिस मी' त्या रांगेत मध्येच कुठेतरी येते आणि तिथे ते विरहाच्या रागाचे गाणे न राहता जुने आयुष्य मागे टाकणाऱ्याचे गाणे वाटू लागते. शक्य असेल त्यांनी एकदा असे ऐकून पाहावे.

काठावरची

आतापर्यंतची चर्चा संगीताविषयी आहे आणि ती तशीच राहावी हे मान्य आहे, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय मला हा अल्बम ऐकता येत नाही. रॉकी एरिक्सन यांचे पुढे काय झाले हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. टेक्सासमध्ये त्या वेळी मारिहुआना बाळगल्याबद्दल दोन वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत असे. हा कायदा १९७३ मध्ये सौम्य झाला. १९६६ च्या जानेवारीत बँडवर पहिला छापा पडला. १९६९ मध्ये एरिक्सन पुन्हा पकडले गेले, तुरुंग टाळण्यासाठी वेडसरपणाचा बचाव घेतला गेला, आणि अखेर त्यांची रवानगी रस्क येथील मनोरुग्ण गुन्हेगारांसाठीच्या सरकारी रुग्णालयात झाली. तिथून ते १९७२ मध्ये सुटले. विजेचे झटके आणि जड औषधे यांतून गेलेला तो माणूस पुढची कित्येक वर्षे सावरत होता.

पाठपृष्ठावर वाक्ये लिहिली हॉलने. किंमत मोजली एकोणीस वर्षांच्या मुलाने. 'फायर इंजिन' या गाण्यात रिकाम्या जागेचा उल्लेख अशा उच्चारात येतो की एका मादक द्रव्याचे नाव ऐकू यावे, आणि चाहते हे कौतुकाने सांगतात. मला त्याचे कौतुक वाटत नाही. अल्बम मी प्रेमानेच ऐकते, पण तो मजकूर वाचताना प्रत्येक वेळी राग येतो.

मंद्रसप्तक

आपला राग रास्त आहे आणि मी त्याला उत्तर देणार नाही. एवढेच म्हणेन की त्या रागाचा एक वाटा त्या कायद्याकडे आणि त्या रुग्णालयाकडेही जायला हवा. हॉलने एका तरुणाला चुकीच्या वाटेची दिशा दाखवली असे म्हणता येईल. परंतु अल्पशा मारिहुआनासाठी त्याला गुन्हेगार मनोरुग्णांमध्ये ठेवण्याचा निर्णय हॉलचा नव्हता. एरिक्सन यांनी पुढे स्वतंत्रपणे केलेले संगीत ऐकताना ही गोष्ट माझ्याही मनातून जात नाही.

पानाआडचा

काठावरची यांच्या प्रतिसादाला जोडून, वॉल्टनचे उदाहरण मला इथे फार बोलके वाटते. त्याच अल्बमवर, त्याच खोलीत, हॉलचा आग्रह न मानणारा एक माणूस बसलेला होता आणि त्याचे वादन इतरांपेक्षा कणभरही कमी विलक्षण नाही. हॉलच्या सिद्धान्ताला याहून चांगले उत्तर मी देऊ शकणार नाही. ध्वनी माणसांनी वाजवला, रसायनाने नाही.

अनुनाद

या अल्बमकडे कोणाकोणाचे कान लागले हे पाहणे मला उद्बोधक वाटते. ह्यूस्टनमध्ये पुढे झीझी टॉप या बँडमुळे प्रसिद्ध झालेल्या बिली गिबन्स यांनी आपल्या आधीच्या बँडचे नाव मूव्हिंग साइडवॉक्स ठेवले, ते एलेव्हेटर्सच्या प्रभावातूनच. १९७२ मध्ये लेनी के यांनी साठच्या दशकातल्या विस्मृतीत गेलेल्या गराज गाण्यांचा 'नगेट्स' हा संग्रह काढला आणि त्यात 'यू आर गॉना मिस मी' घेतले; न्यूयॉर्कमधल्या पुढच्या पिढीने ते तिथून उचलले. टेलिव्हिजन हा बँड आपल्या कार्यक्रमांत 'फायर इंजिन' वाजवत असे. इंग्लंडमध्ये स्पेसमेन थ्री यांनी 'रोलर कोस्टर' घेतले आणि ते कितीतरी लांबवले, तर जीझस अँड मेरी चेन यांनी 'रिव्हर्बरेशन' घेतले. यातली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: यांपैकी जवळजवळ कोणीही बुधला घेतला नाही. सर्वांनी गिटारचा घुमारा घेतला, एकसुरी आवर्तन घेतले, गळ्यातला ताण घेतला. बुधल्याला वारस मिळाला नाही.

उलटी फीत

अनुनाद यांचे निरीक्षण माझ्या बाजूचे आहे असे मी म्हणू शकेन, पण मोनो मिश्रण ऐकल्यापासून तसे म्हणावेसे वाटत नाही. वारस न मिळण्याचे कारण कदाचित असे असेल की ते वाद्य नव्हतेच, ती हॉलची बोलण्याची तऱ्हा होती, आणि दुसऱ्याची बोलण्याची तऱ्हा घेतली तर ती नक्कल होते.

सप्तर्षी

१९७८ मध्ये सदरलँड गेले आणि ३१ मे २०१९ रोजी एरिक्सन गेले. त्याआधी एक गोष्ट मात्र घडली. २०१५ च्या मे महिन्यात ऑस्टिनजवळच्या लेव्हिटेशन महोत्सवात एरिक्सन, हॉल, वॉल्टन आणि लेदरमन असे चौघे पुन्हा एकत्र वाजवण्यासाठी उभे राहिले. त्या महोत्सवाला नावही एलेव्हेटर्सच्याच एका गाण्यावरून पडले आहे. मी ते चित्रीकरणात पाहिले आहे. एरिक्सन यांचा गळा जाडावलेला आहे, किंकाळी पूर्वीच्या उंचीवर जात नाही आणि ते तिला ओढूनही नेत नाहीत. हॉल मात्र मायक्रोफोन बुधल्याच्या तोंडाशी धरून, डोळे मिटून, अगदी तसेच म्हणत आहेत.

मंद्रसप्तक

सप्तर्षी, ते चित्रीकरण मी आज सकाळी शोधून पाहिले. आपण लिहिलेत तसेच आहे. त्यानंतर पुन्हा अल्बम लावला, मोनो, मजकुराच्या क्रमाने. 'स्प्लॅश वन' आले तेव्हा बुधला तिथे किती मागे ठेवला आहे हे पहिल्यांदाच लक्षात आले, आणि उलटी फीत यांनी मागितलेली मोकळी जागा निदान त्या एका गाण्यात तरी आहे हे त्यांना कळवावेसे वाटले.